व्ही. शांताराम : मूकपटातील नट आणि द्विभाषिक बोलपटांचा दिग्दर्शक

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात व्ही. शांताराम यांचे नाव बहुधा दोन संदर्भांत घेतले जाते. पहिला संदर्भ तंत्राचा आणि दुसरा सामाजिक आशयाचा. कॅमेरा, प्रकाश, ध्वनी व रंग यांचे जे प्रयोग त्यांनी केले, त्यांची यादी चित्रपटविषयक कोणत्याही ग्रंथात सापडते. जरठ-कुमारी विवाह, हिंदु-मुसलमान ऐक्य, हुंडा, कैद्यांची सुधारणा हे त्यांचे विषयही सर्वपरिचित आहेत. या दोन्ही बाजूंविषयी येथे पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. भाषेच्या अभ्यासकाला त्यांच्या कारकीर्दीत एक तिसरा प्रश्न दिसतो, आणि तो आजवर फारसा विचारला गेलेला नाही. ज्या नटाने आपली कला मूक अवस्थेत शिकून घेतली, त्याच्या हाती १९३२ साली एकाएकी भाषा आली. आणि तीही एक नव्हे, दोन. या दोन भाषांचे त्याने काय केले, हा तो प्रश्न होय.

प्रश्न केवळ चित्रपटरसिकांच्या कुतूहलाचा नाही. विसाव्या शतकातील मराठीच्या जडणघडणीचा विचार करताना आपण कादंबरी, वृत्तपत्र, नाटक व व्याकरणग्रंथ पुराव्यात घेतो. बोलपट मात्र दाराबाहेर ठेवतो. तो करमणुकीचा माल, अशी आपली जुनी समजूत त्याच्या मुळाशी आहे. वस्तुतः १९३२ ते १९४१ या दशकात एकच कथा, एकच सजावट, एकच दिग्दर्शक आणि पुष्कळदा एकच नट अशा स्थितीत मराठी व हिंदी या दोन भाषांत निरनिराळे चित्रण झाले. दोन भाषांची समांतर सामग्री इतक्या नियंत्रित परिस्थितीत तयार झाल्याचे दुसरे उदाहरण आपल्या भाषेच्या इतिहासात शोधू गेल्यास सहजासहजी मिळणार नाही. अशी सामग्री हाताशी असताना तिच्याकडे पाठ फिरवणे भाषाविज्ञानाला परवडणारे नाही.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. मुलगा असतानाच ते काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. ही मंडळी १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी काढली होती. पुढे कुटुंबाबरोबर हुबळीस गेल्यावर रेल्वेच्या कारखान्यात आणि पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या एका सिनेमागृहात त्यांनी काम केले. कोल्हापूर आणि हुबळी यांमधला हा मुलूख मराठी व कानडी यांच्या सीमेवरचा. तेथल्या माणसाच्या कानाला एका दिवसात दोन भाषा ऐकण्याची सवय असते. या सवयीचा पुढील कारकीर्दीशी थेट संबंध जोडणे अतिरेकाचे होईल. पण ती नोंदवून ठेवणे उचित आहे.

मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या द्वारे ते १९२० साली बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णराव मिस्त्री, हे मूळचे चित्रकार. कॅमेरासुद्धा त्यांनी कोल्हापुरातच स्वतःच्या हाताने घडवला होता. अशा घरात शिकाऊ मुलाला एकच काम मिळत नसते. झाडलोट, रसायनशाळा, रंगकाम, कॅमेऱ्याची उचलाउचल आणि प्रसंग पडल्यास तोंडाला रंग लावून उभे राहणे, असा सगळाच शिक्षणक्रम होता. 'सुरेखाहरण' (१९२१) मध्ये शांताराम कृष्ण झाले. 'सिंहगड' (१९२३) मध्ये त्यांनी शेलारमामा केला. त्या वेळी त्यांचे वय बावीसही पूर्ण नसावे. वृद्ध योद्ध्याची भूमिका तरण्या पोराला देणे आज विचित्र वाटेल. मूकपटात मात्र वय आवाजावरून ओळखू येत नाही. ते पाठीच्या बाकावरून, पावलाच्या टाकण्यावरून आणि मान वळवण्याच्या वेगावरून दाखवावे लागते. शांताराम यांच्या नटपणाची पहिली इयत्ता ही होती.

दुसरी इयत्ता अधिक महत्त्वाची. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीचा मजूर होणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांची होती. देवादिकांचे मुकुट आणि ऐतिहासिक शेले बाजूला सारून, खांद्यावर घोंगडी घेतलेला साधा कुणबी नायकाच्या जागी उभा राहिला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात एक दृश्य राहून गेले: अंधारलेली झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे. कुत्र्याचा आवाज त्यात ऐकू येत नव्हता, तरीही तो राहून गेला. आवाज न काढता आवाजाचा भास उत्पन्न करण्याची ही युक्ती शांताराम यांनी नट म्हणून जवळून पाहिली होती, आणि बारा वर्षांनी तिचा उलटा उपयोग त्यांनी केला. त्याकडे पुढे येऊ.

येथे मूकपटाच्या भाषेविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. मूकपट मुका होता, निर्भाष नव्हता. दृश्यांच्या मधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या अनेकदा दोन किंवा अधिक भाषांत छापलेल्या असत. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्येच इंग्रजी व हिंदी अशा दोन पाट्या होत्या. थिएटरात वाचता येणारा न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी, कोणी शेजारच्यासाठी आपल्या बोलीत उलथा करी. म्हणजे एकाच चित्राला अनेक भाषांचे अस्तर लावण्याची रीत बोलपटाच्या आधीचीच आहे. नटाच्या दृष्टीने यात एक मोठी मोकळीक होती. त्याची स्वतःची भाषा कोणती, ती शुद्ध की अशुद्ध, च-छ-ज कसे उच्चारतो, ळ येतो की नाही, याची कोणी विचारपूस करीत नसे. बोलपटाने ही मोकळीक काढून घेतली. युरोपात एमिल यानिंग्ससारखा जगप्रसिद्ध नट केवळ आपल्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे हॉलिवुड सोडून मायदेशी परतला. आपल्याकडे ही घडामोड कशी झाली, त्याचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.

१९२७ साली 'नेताजी पालकर' हा चित्रपट शांताराम यांनी दिग्दर्शित केला, आणि १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातच्या मूकपटांपैकी भाषेच्या अंगाने एकच आपल्या कामाचा आहे. शिवाजी महाराजांच्या आरंभकाळावरील या चित्रपटाचे योजलेले नाव होते 'स्वराज्याचे तोरण'. १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. परिनिरीक्षकांनी त्या नावास हरकत घेतली आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला. त्यात शिवाजीची भूमिका खुद्द शांताराम यांनी केली. पाच वर्षांनी पुन्हा तेच घडले. एकनाथांच्या चरित्रावरील चित्रपटास 'महात्मा' हे नाव दिले असता ते नाकारले गेले व 'धर्मात्मा' (१९३५) असे नाव द्यावे लागले. या दोन नामांतरांचा उल्लेख बहुतेक लेखक सरकारी दडपशाहीचा दाखला म्हणून करतात, आणि ते खरेच आहे. पण अर्थविचाराच्या दृष्टीने ते आणखी काही सांगतात. 'स्वराज्य' हा सतराव्या शतकातील कारभाराचा शब्द १९३० मध्ये ऐतिहासिक अर्थाने वापरणे अशक्य झाले होते. 'महात्मा' हा सामान्य विशेषणवजा शब्द १९३५ पर्यंत विशेषनाम झाला होता. शब्दाचा अर्थ कोणत्या दिवशी बदलला हे सांगणे कोशकाराला कधीच साधत नाही. परिनिरीक्षकाने मात्र येथे तारखेनिशी पुरावा ठेवला आहे.

बोलपटाकडे वळू. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागला. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी १९३२ मध्ये आला. आज उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत तो सर्वांत जुना आहे. 'अयोध्या का राजा' ही त्याची हिंदी आवृत्ती बरोबरच तयार झाली. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. ज्या मंडळीत शांताराम मुलगा म्हणून होते, तिचे एक संस्थापक आता त्यांच्यापुढे कॅमेऱ्यासमोर उभे होते; 'धर्मात्मा'त दुसरे, म्हणजे साक्षात बालगंधर्व, आले.

ही द्विभाषिक रीत काय होती हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजच्या विद्यार्थ्याला ती ध्वनिमुद्रित संवाद मागाहून चिकटवण्यासारखी वाटण्याचा संभव आहे. तसे नव्हते. सजावट तीच, दिवे तेच, पोशाख तेच. एक दृश्य मराठीत घ्यावयाचे आणि तेच पुन्हा हिंदीत घ्यावयाचे. संवाद जागेवरच मुद्रित होत. सजावटीचा व पोशाखाचा खर्च एकदाच होई आणि बाजार मात्र दोन मिळत, हे त्यामागचे अर्थकारण. हीच रीत त्या वेळी युरोपातही चालू होती. पॅरिसनजीक जॉइनव्हिल येथे पॅरामाउंट कंपनीने १९३० साली एकच कथा अनेक युरोपीय भाषांत लागोपाठ चित्रित करण्याचा कारखानाच उघडला होता. तेथे ती रीत दोन-तीन वर्षांत मोडली. प्रभातमध्ये ती दहा वर्षे टिकली. या टिकाऊपणाचे कारण केवळ आर्थिक नसावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जॉइनव्हिलला दर भाषेचा नटसंच वेगळा व दिग्दर्शकही बहुधा वेगळा असे. प्रभातला दोन्ही भाषांवर एकाच माणसाची नजर होती, आणि त्या माणसाने अभिनय आधी शरीराने आणि मग जिभेने शिकला होता. त्याच्या लेखी दृश्याचा कणा हालचालीत होता. दोन्ही आवृत्त्यांत तो अढळ राही आणि भाषा त्यावर बसवली जाई.

परंतु भाषा बसवताना ती गप्प बसत नाही. मराठीत समोरच्या माणसाला 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणता येते. 'आपण' हे अतिआदराचे रूप नित्याच्या घरगुती बोलण्यात क्वचित येते. हिंदीत 'तू', 'तुम' व 'आप' अशा तीन पायऱ्या आहेत आणि तिन्ही रोजच्या वापरात आहेत. मराठीतील 'तुम्ही' हिंदीत नेताना तो 'तुम' करावयाचा की 'आप', हे ठरवावेच लागते. ते ठरवताच त्या दोन पात्रांमधील अंतरही ठरते. बायको नवऱ्याला, सून सासऱ्याला, गावकरी पाटलाला कसे संबोधतो, यात समाजरचना उघडी पडते. म्हणून मराठी व हिंदी आवृत्ती एकाच चित्रपटाच्या दोन प्रती आहेत असे मानणे चूक होय. ते एका सांगाड्यावरचे दोन देह आहेत.

पात्रयोजनेवरूनही हेच दिसते. 'अमृतमंथन' (१९३४) हा प्रभात पुण्यास आल्यानंतरचा पहिला चित्रपट. त्यातील राजगुरू मराठीत केशवराव दाते यांनी केला; हिंदीत तीच भूमिका चंद्रमोहन यांना दिली गेली, आणि त्यांचे डोळे पडदाभर दाखवणारे समीपदृश्य देशभर गाजले. 'शेजारी' (१९४१) मध्ये जीवबा पाटील दाते यांनी केला. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत त्या जागी मजहर खान आले. मधल्या 'कुंकू' (१९३७) मध्ये मात्र म्हातारे वकील काकासाहेब दोन्ही भाषांत दातेच आहेत. हा फरक योगायोगाचा नसावा. राजगुरू आणि उत्तरेकडील गावचा ठाकूर यांच्या तोंडी मराठी वळणाची हिंदी शोभली नसती. काकासाहेबांचे घर मात्र हिंदीतही मराठी मध्यमवर्गीय घरच राहते. त्यात दाते यांचा मराठी 'च' आणि मराठी हेल खटकत नाही, उलट घराला खरेपणा आणतो. नटाच्या उच्चारावरून भूमिकेची भाषिक भूमी ठरवणे, हे काम दिग्दर्शकाने येथे जाणीवपूर्वक केले असे मानावयास जागा आहे.

'कुंकू'विषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. त्याचा आधार नारायण हरि आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी. म्हणजे ज्या लेखकाच्या कथेत शांताराम यांनी नट म्हणून शेतकरी केला, त्याच लेखकाकडे ते दिग्दर्शक म्हणून परत आले. कथा सर्वांस ठाऊक आहे: म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेले लग्न आणि ते नाकारणारी तरुण नीरा. नीरेची भूमिका शांता आपटे यांची. येथे पार्श्वसंगीत वर्ज्य केले आहे. घड्याळाचे ठोके, रस्त्यावरचा गलबला, भांड्यांचा आवाज, असे प्रत्यक्ष व्यवहारातले ध्वनीच तेवढे ठेवले आहेत. भिंतीवरचे घड्याळ काकासाहेबांच्या वयाशी बरोबरी करीत राहते. 'सावकारी पाशा'त आवाज नसताना कुत्रे ऐकू आले. 'कुंकवा'त आवाज हाताशी असताना नको तेवढा सगळा बाहेर ठेवला. मूकपटात वाढलेल्या माणसालाच ध्वनीचा असा संयम सुचावा. नाटकातून आलेल्या त्या काळच्या पुष्कळ दिग्दर्शकांना आवाज मिळाला तो गाण्यांसाठी व भाषणांसाठी. शांताराम यांना तो शांतता मोजण्यासाठी मिळाला.

संवादांच्या बाबतीत मात्र श्रेय एकट्या दिग्दर्शकाला देता येणार नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून नैसर्गिक बोलण्याचा आग्रह धरला. त्या प्रयोगाशी संबंधित केशवराव दाते आणि के. नारायण काळे हे दोघेही प्रभातशी जोडले गेले. घरातल्या माणसाने घरातल्यासारखे बोलावे, ही गोष्ट मराठी रंगभूमीवर तेव्हा नवी होती. पडद्यावर तर ती आणखी नवी. 'कुंकू' पाहताना आज आपल्याला संवाद साधे वाटतात, यातच त्यांचे यश आहे.

नावाकडेही पाहावे. मराठीत 'कुंकू', हिंदीत 'दुनिया न माने'. 'कुंकू' या शब्दाने मराठीत सौभाग्य, नवरा, लग्नाचे बंधन आणि कपाळावरची रोजची रेघ हे सगळे एका उच्चारात येते. हिंदी प्रदेशात सौभाग्याचे चिन्ह भांगातला सिंदूर. वस्तू निराळी, जागा निराळी, विधी निराळा. म्हणून भाषांतराचा नाद सोडून सबंध वाक्यच नाव म्हणून घेतले. गंमत अशी की हे हिंदी नाव मराठी नावापेक्षा आपट्यांच्या मूळ शीर्षकाच्या अधिक जवळ आहे. याशिवाय नीरेच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता घातली आहे. १९३७ च्या मराठी घरातल्या शिकलेल्या मुलीचा आत्मसन्मान इंग्रजीतून व्यक्त व्हावा, ही गोष्ट काहींना कृत्रिम वाटते. मला ती अचूक वाटते. त्या पिढीला धीर देणारे पुष्कळ शब्द शाळेतल्या इंग्रजी क्रमिक पुस्तकांतूनच आले होते.

'माणूस' (१९३९) मध्ये भाषा कथेच्या पोटात शिरते. मराठीतले पोलीस शिपाई गणपत आणि मैना हिंदीत, म्हणजे 'आदमी'त, मोती आणि केसर होतात. 'माणूस' आणि 'आदमी' या नावांचे भाषांतर बिनचूक आहे, पात्रांच्या नावांचे मात्र होऊ शकत नाही. शांता हुबळीकर यांनी गायिलेले 'कशाला उद्याची बात' हे त्यातील गाणे एकामागून एक अनेक भारतीय भाषांत जाते, कारण कोठ्यावर येणारी गिऱ्हाइके निरनिराळ्या प्रांतांची आहेत. त्या शहरात सर्व भाषा जिला येतात अशी व्यक्ती कोण, तर समाजाने बाहेर ठेवलेली एक बाई. बहुभाषिकता हा विद्वत्तेचा अलंकार नसून पोटाची गरज आहे, हे त्या एका गाण्याने जितके स्पष्ट होते तितके आमच्या समाजभाषाविज्ञानाच्या व्याख्यानांनी होत नाही. हुबळीकर स्वतः कानडी मुलखातल्या होत्या, हेही लक्षात घ्यावे.

'धर्मात्मा'विषयी या भागातील वाचकांसाठी काही लिहिणे क्रमप्राप्त आहे. पैठण आपल्याच जिल्ह्यातले. एकनाथांची भारुडे व विशेषतः त्यांचा 'हिंदु-तुर्क संवाद' ही रचना हे मराठी व दखनी यांच्या शेजाराचे सोळाव्या शतकातील ठळक साधन आहे. तो शेजार संपलेला नाही. छावणीच्या पलीकडे दौलताबादच्या वाटेवर पडेगावसारख्या वस्तीत आजही दखनीचे 'नक्को' आणि मराठीचे 'नको' एकाच ओट्यावर ऐकू येते. दखनी बोलणारा 'आजीच आया' म्हणतो तेव्हा जोर देणारा 'च' त्याने मराठीकडून घेतलेला असतो. ज्यांचे शिक्षण निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून झाले, अशा मराठवाड्यातील मराठी प्रेक्षकाला प्रभातच्या दोन्ही आवृत्त्या सारख्याच कळू शकत. पुण्यातल्या किंवा लखनौतल्या प्रेक्षकाला हा लाभ नव्हता. अशा दुभाषी संताच्या चरित्राला द्विभाषिक बोलपट खरे तर फार शोभला असता. दुर्दैवाने 'धर्मात्मा'त हा भाग जवळजवळ निसटला. बालगंधर्वांचा एकनाथ गोड आहे, पण तो रंगभूमीच्या गोडीने बोलतो. स्त्रीभूमिकांत आयुष्य घालवलेल्या त्या थोर नटाला पुरुषवेशात कॅमेऱ्याची जवळीक मानवली नाही, आणि प्रभातबरोबरचा त्यांचा संबंध एका चित्रपटावरच थांबला. पुढल्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' (१९३६) केवळ मराठीत काढला, आणि तोच १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच वर्षी शांताराम यांचा 'अमरज्योती' (१९३६) केवळ हिंदीत निघाला होता. एकाच छपराखाली दोन वाटा फुटू लागल्या होत्या, असे मागे वळून पाहता म्हणता येते.

'शेजारी' हा या पर्वाचा शेवट. कथा विश्राम बेडेकर यांची. धरण बांधणाऱ्या कंपनीच्या डावपेचांनी दोन म्हाताऱ्या मित्रांची, एका हिंदूची व एका मुसलमानाची, मैत्री तुटते आणि धरण फुटताना ते एकत्र मरतात. मार्च १९४० मध्ये लाहोरचा ठराव झाला आणि पुढल्या वर्षी हा चित्रपट आला. 'पडोसी'त मुसलमान मजहर खान हिंदू ठाकूर झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा झाले, ही योजना योग्यच वाखाणली गेली. पण मराठी 'शेजारी'तला भाषिक प्रश्न अधिक कठीण होता. हिंदी गावात दोघांची भाषा आपोआप एक होते. मराठी गावात मुसलमान शेजारी कोणती भाषा बोलतो, हे दिग्दर्शकाला ठरवावे लागते. जुन्या रंगभूमीवर मुसलमान पात्र म्हणजे मोडकीतोडकी हिंदुस्थानी, असा संकेत होता. महाराष्ट्रातल्या खेड्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मुसलमानाचे मराठी पाटलाच्या मराठीइतकेच अस्सल असते, हे ज्याला माहीत आहे त्याला या संकेतातला अन्याय दिसतो. शेजार भाषेचा असतो की धर्माचा, हा प्रश्न मराठी आवृत्तीतच उभा राहू शकतो.

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल कलामंदिर उभे राहिले. 'शकुंतला' (१९४३) हिंदीत निघाली. येथून पुढे मराठी हा नियम न राहता अपवाद झाला. याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा एक हेतू आहे. 'उदयकाल'नंतर प्रभातच्या सबंध बोलपटकाळात नायक म्हणून पडद्यावर न आलेले शांताराम 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) मध्ये स्वतः नायक झाले. सोळा वर्षांनी परतलेला हा नट आता बोलत होता, आणि हिंदीत बोलत होता. सोलापूरचे मराठी डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, त्यांचे सोलापुरातले घर, चीनमधली युद्धभूमी, त्यांची चिनी पत्नी, सर्वांची भाषा हिंदी. बोलपट ज्याला प्रथम बोलते करतो तो मराठी नट आपल्या मातृभाषेत बोलत नाही! 'परछाईं' (१९५२), 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'स्त्री' (१९६१) या त्यांच्या पुढल्या भूमिकाही हिंदीच. द्विभाषिक पर्वात ते पडद्यामागे होते. पडद्यावर आले ते एकभाषिक पर्वात. यात शांताराम यांचा दोष पाहण्यापेक्षा बाजाराचा ओघ पाहणे बरे. पार्श्वगायन रूढ झाले, मुंबईचे भांडवल वाढले, आणि एकेक दृश्य दोनदा चित्रित करण्याचा जुना हिशेब जुळेनासा झाला.

त्यांच्या हिंदीतल्या भूमिकांपैकी 'दो आँखें बारह हाथ'मधील तुरुंगाधिकारी आदिनाथ सर्वश्रेष्ठ ठरेल. कथा ग. दि. माडगूळकर यांची, तिचे बीज औंध संस्थानातील आटपाडीनजीकच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगात आहे. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. बैलाबरोबरच्या झुंजीचे चित्रण करताना शांताराम यांच्या डोळ्याला गंभीर दुखापत झाली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आदिनाथ फार थोडे बोलतो. तो पाहतो. सहा खुनी माणसांना तो नजरेने बांधून ठेवतो. 'सिंहगड' आणि 'सावकारी पाश' यांतला मुका नट येथे पुन्हा भेटतो, आणि परक्या भाषेची अडचण त्याने बोलणेच कमी करून सोडवली आहे, असेही म्हणता येईल. उलट 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'नवरंग' (१९५९) यांतील रंगांचा व नृत्याचा थाट कितीही लोकप्रिय असला तरी त्यांत संवाद हा झालरीसारखा लोंबतो. 'कुंकवा'चा दिग्दर्शक तेथे ऐकू येत नाही.

'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) हा या काळातला एक उपेक्षित चित्रपट. एका घरात निरनिराळ्या प्रांतांतल्या सुना नांदतात, अशी त्याची मांडणी. १९५३ च्या ऑक्टोबरात तेलुगू भाषकांचे आंध्र राज्य झाले आणि त्याच वर्षअखेर राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. 'माणूस'मध्ये जी बहुभाषिकता कोठ्यावर होती ती येथे गृहस्थाच्या घरात आणली आहे. कला म्हणून चित्रपट मध्यम. भाषावार प्रांतरचनेच्या चर्चेतला एक दस्तऐवज म्हणून तो वर्गात दाखवण्यासारखा आहे.

मराठीशी संबंध अजिबात तुटला होता असे नाही. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) बाबूराव पेंटर यांच्या सोबतीने निघाला. गुरूला शिष्याच्या संस्थेत कॅमेऱ्यामागे उभे राहण्याचा हा प्रसंग होता. होनाजीवरची 'अमर भूपाळी' (१९५१) पुढल्या वर्षी कान येथे स्पर्धेत होती. हे दोन्ही विषय शाहिरीचे, म्हणजे लोकभाषेचे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हिंदीच्या बाजारात राहून मराठीकडे वळताना शांताराम पुण्याच्या प्रमाण भाषेकडे न जाता तमाशाच्या बोलीकडे वळतात.

ती वाट 'पिंजरा' (१९७२) पाशी येऊन पोहोचते. सत्तरी ओलांडलेल्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या कथेशी नाते सांगतो. तो जर्मन चित्रपटही जर्मन व इंग्रजी अशा दोन भाषांत एकाच वेळी चित्रित झाला होता, आणि त्यातला प्राध्यापक होता वर उल्लेखिलेला यानिंग्स. 'पिंजरा' मराठीबरोबर हिंदीतही निघाला. त्याचे मराठी संवाद शंकर पाटील यांचे. कोल्हापूरच्या खेड्यातली बोली कागदावर आणण्यात त्यांचा हात धरणारे लेखक थोडेच होते. कोल्हापुरात जन्मलेल्या, पण आपल्या बोलपटांतून प्रामुख्याने पुण्याचे मराठी आणि मग मुंबईची हिंदी बोलवणाऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात त्या मातीची बोली इतक्या ठसक्याने येण्यास चाळीस वर्षे लागली. नायक गुरुजी गावाला आदर्श करण्यासाठी आलेले; त्यांचे शुद्ध, तोललेले मराठी आणि फडातल्या बायकांचे धारदार बोलणे यांची टक्कर हाच चित्रपटाचा पूर्वार्ध आहे. गुरुजी फडाबरोबर फिरू लागतात, मृत समजले जातात, आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाबद्दल शिक्षा स्वीकारतात. श्रीराम लागू यांनी ही भूमिका केली. घसरणीच्या प्रत्येक पायरीवर त्यांचे शब्द कमी होत जातात. न्यायालयात, जेथे एका वाक्याने जीव वाचला असता, तेथे गुरुजी आपले नाव सांगत नाहीत.